आटणारा ओढा आणि शब्दाला जागणारा देव

यिर्मया हा बायबलच्या जुन्या करारातला संदेष्टा एके ठिकाणी देवाला जवळजवळ खोटारडा म्हणतो. राजाला किंवा पुरोहितांना तो पुष्कळ ठिकाणी तसे म्हणतो, त्याचे नवल नाही. पण पंधराव्या अध्यायाच्या शेवटाकडे त्याचे बोट थेट परमेश्वराकडे वळते. माझे दुखणे सरत का नाही, जखम भरत का नाही, असे विचारून तो देवाला ओढ्याची उपमा देतो. ओढा कसला, तर ज्याचे पाणी ऐन वेळी नसते असा. मूळ हिब्रूत इथे 'अखझाव' असा शब्द आहे. तो 'कझाव' म्हणजे खोटे बोलणे, या धातूपासून आला आहे. तेव्हा 'आटलेला ओढा' हे भाषांतर अपुरे पडते. हा थापा मारणारा ओढा आहे.

पॅलेस्टाईनमधले ओढे पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात नुसती वाळू उरते. पाणी असेल या भरवशावर वाट वाकडी करून आलेला वाटसरू तिथेच मरतो. ईयोबाच्या ग्रंथात सहाव्या अध्यायात हीच उपमा आहे, पण तिथे ती संकटात पाठ फिरवणाऱ्या मित्रांना दिलेली आहे. यिर्मया ती देवाला देतो. शिवाय याच यिर्मयाने दुसऱ्या अध्यायात देवाला जिवंत पाण्याचा झरा म्हटले होते, आणि झरा सोडून फुटकी टाकी खणत बसणाऱ्या लोकांना झोडपले होते. तेरा अध्यायांत झऱ्याचा ओढा झाला.

बारामती-इंदापूरच्या माणसाला ही उपमा समजायला टीप लागत नाही. पुरंदरच्या डोंगराळ भागात उगम पावणारी कऱ्हा सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला येते आणि पुढे सोनगावाजवळ नीरेला मिळते. नकाशावर ती नदी आहे. प्रत्यक्षात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली ही नदी वर्षातला बराच काळ नावापुरतीच असते. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरचे दोन भाग पडले, बागायत आणि जिरायत. कालव्याच्या वरच्या अंगाचा शेतकरी अजूनही आभाळाकडेच बघतो. त्याची भाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. पाऊस कमी पडला असे तो सहसा म्हणत नाही. पावसाने दगा दिला, असे म्हणतो. दगा द्यायला आधी काही शब्द दिलेला असावा लागतो. हा शब्द कोणी, केव्हा दिला, हे त्याला विचारू नये. पण दिला होता याबद्दल त्याच्या मनात शंका नसते.

यिर्मयाची तक्रारही दुष्काळाच्या पाठोपाठच येते. चौदाव्या अध्यायात अवर्षणाचे वर्णन आहे. सरदारांनी पाण्याला पाठवलेले नोकर टाक्यांवरून रिकाम्या घागरी घेऊन, लाजेने डोकी झाकून परत येतात. हरिणी नुकत्याच व्यालेल्या पाडसाला टाकून जाते. रानगाढवे उजाड टेकाडावर उभी राहून वारा हुंगतात. त्यातच देवाला एक प्रश्न आहे. एका रात्रीच्या मुक्कामाला उतरलेल्या वाटसरूसारखा तू परका का झालास? दरवर्षी आषाढात एका रात्रीपुरता देव गावात येतो आणि सकाळी निघून जातो, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे त्यांना हा प्रश्न निराळ्या रीतीने ऐकू येईल.

यिर्मयाचे नेमके दुखणे काय, हे नीट सांगितले पाहिजे, कारण नुसता निराश माणूस म्हणून त्याची बोळवण करण्याची पद्धत आहे. तो यरुशलेमाजवळच्या अनाथोथ गावचा, पुरोहिताच्या घरचा. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ६२७च्या सुमारास, त्याला पाचारण आले. मी पोर आहे, मला बोलता येत नाही, असे म्हणून त्याने टाळायचा प्रयत्न केला. देवाने ऐकले नाही. उत्तरेकडून संकट येणार, शहर पडणार, मन वळवा, हा निरोप त्याने सांगायचा होता. तो सांगत राहिला. यहोयाकीमाच्या चौथ्या वर्षी तो स्वतःच हिशेब देतो की तेवीस वर्षे झाली, मी बोलतो आहे, तुम्ही ऐकत नाही. एवढ्या वर्षांत शहर मात्र जागच्या जागी उभे. लोक त्याला विचारू लागले, कुठे आहे तो तुझ्या देवाचा शब्द? येऊ दे की आता.

बरे, या निरोपापायी त्याने काय काय गमावले? लग्न करायचे नाही, अशी त्याला आज्ञा होती. मयताच्या घरी जायचे नाही आणि मेजवानीच्या घरीही जायचे नाही. म्हणजे गावकीतून तो उठलाच. त्याच्या स्वतःच्या गावच्या लोकांनी त्याला मारण्याचा कट केला. पशहूर नावाच्या पुरोहिताने त्याला खोड्यात अडकवले. आणि एवढे करून निरोप खरा ठरेना. देव शब्द पाळत नसेल तर जगाच्या दृष्टीने खोटा कोण ठरतो? निरोप्याच. यिर्मया देवाला खोटा म्हणतो याचे मर्म इथे आहे. देवाचे काहीच बिघडत नाही, पत जाते ती माझी, असे त्याचे म्हणणे आहे. ज्याने कधी दुसऱ्याच्या वतीने शब्द दिला आणि तोंडघशी पडला, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

यिर्मया मी वाचायला घेतला तो मोरोपंतांमुळे. हिब्रू मी कोणापाशी शिकलो नाही. शब्दकोश आणि दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवून दहा-बारा वर्षे जे जमले तेवढेच. मोरोपंत मात्र आमचे गाववाले. मोरेश्वर रामचंद्र पराडकर १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले, पण त्यांचे आयुष्य गेले बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला, आणि १७९४ साली ते वारलेही इथेच. नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी अजून उभा आहे. आर्या, यमके, एकशे आठ रामायणे हे सगळे ऐकून वाचक मोरोपंतांना शब्दांचा कसबी ठरवतात आणि लांबूनच नमस्कार करतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण 'केकावली' निराळी आहे.

केका म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंत स्वतःला मयूर म्हणवत. मोर ओरडतो तो मेघाकडे पाहून. इथे मेघ म्हणजे भगवंत. पृथ्वी वृत्तातले हे शंभरावर श्लोक म्हणजे न बरसणाऱ्या ढगाकडे केलेली ओरड आहे. शाळेत पाठ करून घेतली जाणारी सुसंगतीची प्रार्थना याच काव्यातली. ती वेगळी काढून म्हटल्यामुळे अनेकांना 'केकावली' ही सुबोध प्रार्थना वाटते. सलग वाचली तर वकिली युक्तिवाद हाताला लागतो. अजामिळाला तारलेस, गजेंद्रासाठी धावलास, मग मलाच का वगळतोस? माझे पाप मोठे म्हणावे तर तुझे नाव त्याहून मोठे अशी तुझीच ख्याती आहे. मला टाकलेस तर ती ख्याती खोटी. म्हणजे पुन्हा पत. फरक एवढाच की यिर्मया आपली पत गेली म्हणून रडतो, मोरोपंत देवाला त्याच्या पतीची आठवण करून देतात.

मोरोपंतांच्या अंगावर कोणी दगड टाकले नव्हते. आश्रय चांगला होता, घर होते, मान होता. पर्जन्यछायेतल्या गावात बसून मेघाला हाका मारणारा मोर ही प्रतिमा त्यांना संस्कृत कवींकडून मिळाली की कऱ्हेकाठच्या एखाद्या कोरड्या आषाढातून, हे ठरवता येणार नाही. मला स्वतःला दोन्हींतून असे वाटते. पण त्यांची तक्रार यिर्मयाइतकी जिवावरची नाही, हे मान्य केले पाहिजे. जिवावरची तक्रार हवी तर तुकोबांकडे जावे लागते.

तुकोबांची पालखी देहूहून निघून वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरास्नान. म्हणजे मोरोपंतांच्या गावावरून तुकोबा दरसाल जातात. १६३०च्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते देवाच्या दारात अन्नपाण्यावाचून पडून राहिले, अशी परंपरा सांगते. त्या आणि इतर निर्वाणीच्या अभंगांत देवाला निर्लज्ज, ठक, दिवाळखोर काय काय म्हटले आहे. आपल्यापुरता देव संपला इथपर्यंत ते जातात. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात भक्त पतितपावन हे ब्रीद ऐकून दाराशी येतो, आणि ब्रीद पोकळ आहे असे म्हणून परत फिरतो. घेतल्यावाचून तू देत नाहीस, मग उदार कसला, हा व्यापारी सवाल तिथे आहे.

ब्रीद या शब्दापाशी जरा थांबू. ब्रीद म्हणजे मिरवलेली प्रतिज्ञा. संतांची सगळी भांडणे ब्रीदावर आहेत. देव आहे की नाही, असला वाद त्यांनी फारसा घातला नाही. देव असला पण ब्रीदाला जागला नाही तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न. हिब्रूतही सत्याला जो 'एमेत' शब्द आहे तो टिकाऊपणा, भक्कमपणा या अर्थाच्या धातूचा आहे. 'आमेन' त्याच कुळातला. खांब रोवला, तो वजन टाकल्यावर हलला नाही, तर तो 'एमेत'. देव सत्य आहे याचा अर्थ तिथे देव टेकायला पक्का आहे, असा होतो.

खांबाची गोष्ट निघाली म्हणून नीरा नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला नीरा आणि भीमा मिळतात, तिथे लक्ष्मीनृसिंहाचे देऊळ आहे. नृसिंह का प्रकटला, याला हिरण्यकशिपूचा वध हे उत्तर आपण देतो. भागवताच्या सातव्या स्कंधात कारण थोडे वेगळे दिले आहे. खांबात देव आहे असे प्रल्हाद बोलून गेला होता. आपल्या सेवकाचे बोलणे खरे करण्यासाठी भगवान त्या खांबातून निघाला, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे प्रल्हाद निरोप्याच्या जागी आहे आणि देव निरोप्याची पत राखतो, तीही त्याच घटकेला. यिर्मयाला हवे होते ते नेमके हेच. त्याला ते मिळाले नाही. किंवा मिळाले तर चाळीस वर्षांनी मिळाले, आणि तेही शहर जळताना.

मग देवाने त्याला उत्तर काय दिले? पंधराव्या अध्यायातले उत्तर पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते कठोर वाटले, आजही वाटते. सांत्वन नाही, उशीर का झाला याचा खुलासा नाही. तू परत फिरलास तर मी तुला परत घेईन. हलके टाकून मोलाचे बोललास तर तू माझे तोंड होशील. मेख अशी की 'परत फिरा' हा यिर्मयाच्याच प्रवचनांचा पालुपदासारखा शब्द होता. तो लोकांना सांगत आला तेच देव आता त्याला सांगतो. आणि त्यापुढे, तुला पितळेची भिंत करीन, ते तुझ्याशी लढतील पण जिंकणार नाहीत. हे शब्दही नवे नाहीत. पाचारणाच्या वेळी, पहिल्या अध्यायात, जवळपास हेच वचन दिले होते. तक्रारीला उत्तर म्हणून देवाने नवा कागद काढला नाही, जुनाच पुन्हा वाचून दाखवला.

त्या पहिल्या अध्यायातच सगळ्याची किल्ली आहे असे माझे मत आहे. देव तरुण यिर्मयाला विचारतो, तुला काय दिसते? तो म्हणतो, बदामाची डहाळी. देव म्हणतो, बरोबर पाहिलेस, मी माझा शब्द पुरा करण्यासाठी त्यावर नजर ठेवून आहे. भाषांतरात बदामाचा आणि याचा काय संबंध ते कळत नाही. हिब्रूत बदाम म्हणजे 'शाकेद' आणि जागा राहून राखण करणारा तो 'शोकेद'. त्या मुलखात थंडी सरत असताना इतर झाडे झोपेत असतात तेव्हा बदाम आधी फुलतो, म्हणून त्याला जागे झाड म्हणत. देव म्हणतो ते असे की मी माझ्या शब्दाला जागा आहे. मराठीत आपण दिलेला शब्द पाळणाऱ्याला काय म्हणतो? तो शब्दाला जागला. मिठाला जागला. इमानाला जागला. ज्या क्रियापदाने झोप नसणे सांगायचे त्यानेच वचन पाळणे सांगायचे, ही सोय मराठीत आहे, आणि हिब्रूतला श्लेष बदामापुरता सोडला तर आपल्याकडे आपसूक येतो. हे जुळणे योगायोगाचे असेल. तरी शेतात रात्रीची राखण केलेल्या माणसाला ते योगायोगाचे वाटणार नाही.

या ठिकाणी पंडिता रमाबाईंची आठवण येते. पालखीच्या वरवंड मुक्कामापासून केडगाव जवळच आहे. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. साध्या, शिक्षण नसलेल्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. १९२२ साली त्या स्वतः गेल्या. भाषांतर १९२४ला प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, तरुणपणी, मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील उपासमारीने गेले होते. जन्मभर पुराणे सांगितली, तीर्थे केली, असलेले सगळे देवाधर्मात घातले आणि देव धावले नाहीत, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांच्या हातून यिर्मयाचे आटलेल्या ओढ्याचे वाक्य मराठीत उतरले, त्यांनी तो ओढा आधी पाहिलेला होता. एका श्रद्धेने दगा दिला म्हणून त्यांनी ती सोडली. यिर्मयाने सोडली नाही. कोणाचे बरोबर, हे ठरवण्याच्या भरीला मी पडणार नाही. दोघांनीही गप्प बसणे मात्र नाकारले.

आमच्या आजीने ७२च्या दुष्काळात विठोबाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. दिवसा ती खडी फोडायला जायची, संध्याकाळी त्या पाठमोऱ्या तसबिरीपुढे दिवा लावायची. दिवा कधी चुकवला नाही, असे आई सांगे. तसबीर पुन्हा केव्हा वळवली हे घरात कोणालाच आठवत नव्हते. तुकोबा वाचताना आणि यिर्मया वाचताना मला ती पाठमोरी तसबीर फार उपयोगी पडली. ज्याच्यावरचा विश्वास खरोखर उडाला त्याच्याशी माणूस भांडत नाही, दिवा तर लावत नाहीच.

तुकोबा आणि यिर्मया यांच्यात एक साम्य वारंवार दाखवले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. यिर्मयाचाही ग्रंथ नष्ट झाला होता. बारूख या लेखकाला सांगून त्याने सगळी प्रवचने गुंडाळीवर लिहवून घेतली. यहोयाकीम राजा हिवाळ्यात शेगडीपुढे बसला होता. गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. अशी सगळी गुंडाळी जळाली. इंद्रायणीने वह्या कोरड्या परत दिल्या, अशी आपली श्रद्धा आहे. शेगडीने काही परत दिले नाही. यिर्मयाने दुसरी गुंडाळी आणवली, पुन्हा तोंडाने सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि त्यात आणखी बरीच भर घातली, असे ग्रंथ म्हणतो. चमत्कार नाही, मेहनत. तुकोबा वह्या परत मिळाल्यावर देवाला विनाकारण त्रास दिला म्हणून हळहळले. यिर्मयाच्या वाट्याला ती हळहळही आली नाही. उलट विसाव्या अध्यायात तो आणखी कडू होतो. तू मला भुलवलेस असे देवाला म्हणतो, जन्मलेल्या दिवसाला शाप देतो, आणि तो अध्याय तिथेच संपतो.

आणि ही सगळी वाक्ये ग्रंथात ठेवली गेली. ज्यांनी तो संग्रह जपला ते देवभोळे लोक होते. देवाला खोटा म्हणणारे वाक्य गाळणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते ठेवले, आणि तेही देवाचा शब्द म्हणून वाचायच्या ग्रंथात. देवाच्या सत्यतेविषयीचा मला पटलेला सर्वांत मोठा पुरावा हा आहे. खोटा माणूस आपल्याविरुद्धची फिर्याद दप्तरात राहू देत नाही.

शेवटी शेताची हकीकत सांगतो, कारण ती या भागातल्या वाचकाला विशेष रुचेल. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमाला वेढा घातलेला, यिर्मया राजवाड्याच्या चौकात कैदेत. शहर पडणार हे तोच चाळीस वर्षे सांगत आलेला. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या ताब्यातली जमीन! यिर्मया ती सतरा शेकेल चांदीला विकत घेतो. चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदार सह्या करतात, खरेदीखताच्या दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात घरे, शेते, मळे पुन्हा विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द होता. ज्याला त्याने आटणारा ओढा म्हटले होते त्याच्या शब्दावर त्याने रोख पैसे मोजले. आणि व्यवहार झाल्यावर लगेच प्रार्थना केली. तिचा सूर साधारण असा की तुला अशक्य काही नाही हे खरे, पण शहर खास्द्यांच्या हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! म्हणजे शंका तेव्हाही गेली नव्हती.

इसवी सनापूर्वी ५८७च्या आसपास शहर पडले. मागे राहिलेले लोक मिसरात पळाले आणि त्यांनी यिर्मयाला, तो नको म्हणत असताना, बरोबर नेले. बारूखालाही नेले. ते मडके कुठे ठेवले होते आणि अनाथोथच्या त्या शेतात पुढे कोणी नांगर घातला, हे ग्रंथात लिहिलेले नाही.